शील्डचं लेआउट झालं एकदाचं!

अर्डुइनो ऊनोवर (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बसेल असं चार रिलेंचं (विजेने चालू-बंद होणारे स्विच) शील्ड, म्हणजे वर खोचायचा जोड-बोर्ड, गेले काही दिवस डिझाइन करतोय. आज फाइल्स बोर्ड बनवणाऱ्यांकडे पाठवायच्या आधी लेआउट (बोर्डावरच्या भागांची मांडणी) खऱ्या मापात कागदावर छापलं आणि बोर्डावर ठेवून पाहिलं. एका बाजूच्या पिना जुळल्या, दुसऱ्या बाजूच्या ८ ते १३ सरकलेल्या! कारण लगेच कळलं. त्या बाजूच्या बाकी पिनांमध्ये २.५४ मिमी अंतर असतं, पण ७ आणि ८ यांच्यात ते साधारण ४.०६ मिमी आहे. मी तिथेही २.५४च धरलं होतं. एका कागदाने बोर्डांचा अख्खा लॉट वाचवला.

मग दुपारभर रिलेच्या भागावरच बसलो. माझ्या ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल (आतली तारेची गुंडाळी) सुमारे ७० मिलिअँपिअर ओढते, पिनची कमाल मर्यादाच ४०. म्हणून पिनच्या छोट्या करंटवर रिलेचा मोठा करंट चालू-बंद करायला प्रत्येक रिलेला ट्रान्झिस्टर, आणि कॉइलवर उलटा डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), नाहीतर रिले बंद होताना उसळणारं व्होल्टेज ट्रान्झिस्टर जाळतं. (डायोड विसरू नका, खरंच.) २३० व्होल्टचे ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा) बाकी सर्किटपासून ८ मिमी लांब ठेवले, मधे बोर्डाला खाच दिली, तिथलं ग्राउंडचं तांबंही काढून टाकलं. या एका गोष्टीत मी तडजोड करत नाही.

यूएसबी सॉकेटचं धातूचं आवरण शील्डच्या अगदी खाली येतं, म्हणून त्याला टेकून शॉर्ट होऊ नये यासाठी तिथले सोल्डर जॉइंट हलवले.

संध्याकाळी फाइल्स गेल्या. आता बोर्डांची वाट बघतोय, मनापासून.