दादा, ह्या श्वास घेतायत का?

कोरेगाव पार्कातल्या एका इटालियन हॉटेलच्या किचनमध्ये मी ६ वर्षं आहे, गाव गुहागरकडचं. त्या शनिवारी ३० जणांची पार्टी होती, सगळ्यांना वोंगोले म्हणजे शिंपल्यांची स्पॅगेटी, आणि सकाळी कळलं की त्यासाठीच्या मनिला क्लॅम जातीच्या शिंपल्यांची फ्रोझन पाकिटं आलीच नाहीत. मी म्हटलं शेफ, गणेश पेठेच्या मासळी बाजारातून तिसऱ्या आणतो, आपल्या कोकणातल्या शिंपल्या, एकाच कुळातल्या आहेत.

१० किलो आणल्या, जिवंत. भाजीवाल्याचं बिल बघायला बाहेर गेलो तेवढ्यात नव्या हेल्परने सगळ्या टबात ओतून वर नळ सोडला आणि बर्फ टाकला. त्याची काय चूक, मासे असेच धुतात ना. पण खाडीतल्या जीवाला गोडं पाणी म्हणजे मरण, त्यात ते क्लोरीनचं, माझ्या काळजात धस्सच झालं.

पटापट उपसल्या. उघड्या होत्या त्यांना टकटक केलं, मिटल्या नाहीत त्या टाकल्या, दीडेक किलो गेल्या. बाकीच्या एसीच्या स्टोअरमध्ये ट्रेत एकच थर करून, आरओच्या पाण्यात लिटरला ३० ग्रॅम मीठ, वर ताट झाकून अंधार केला, म्हणजे पोटातली रेती ओकतात. शेफ म्हणाले, एवढं कशाला, पाकिटातल्यांना कधी रेती नसते. अहो नसणारच, त्या शेतीतल्या. आता बहुतेक मनिला क्लॅम चीनमध्ये पिकते, वेनिसच्या खाडीतही १९८३ साली मुद्दाम आणून सोडलेली. बारीक बी, म्हणजे शिंपल्यांची पिल्लं, वाळूत पेरायचं, खेकड्यांनी खाऊ नये म्हणून वर जाळी, खाणं घालायचंच नाही, पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ गाळून ती आपली आपण वाढते, आणि विकायच्या आधी स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवून रेती ओकायला लावतात. आपल्याकडे ते शेवटचं काम घरच्या बाईच्या गळ्यात, माझी आई रात्रभर ठेवायची.

दोन तासांनी ताट उचललं. प्रत्येकीच्या फटीतून दोन बारीक नळ्या बाहेर, हलतायत, तळाशी काळी रेती साचलेली, आणि एकीने सरळ माझ्या चष्म्यावर पिचकारी मारली. हेल्पर वाकून बघत म्हणाला, दादा, ह्या श्वास घेतायत का? म्हटलं हो रे, जेवतात पण त्यातूनच.

साडेसातला लसूण, ऑलिव्ह ऑईल, वाइन, वर झाकण, आणि आत शिंपा उघडल्याचा तो टकटक आवाज. पहिली प्लेट शेफनी उभ्याउभ्याच खाल्ली, दाताखाली कण नाही. मग म्हणाले, आईला फोन लाव, रात्रभर ठेवायचं तर पाणी किती वेळा बदलायचं विचार.