काळ्याखालचं तांबडं

पूल म्हटलं की लोकांना स्लॅब दिसतो. आमदारांचा नारळही त्यावरच फुटतो. पिअर (मधले खांब), त्यावरची कॅप, रबरी बेअरिंग, गर्डर (तुळया), स्लॅब हे सगळं नकाशाबरहुकूम करता येतं. काँक्रीटचे क्यूब २८ दिवसांनी फोडून बघता येतात. खालचा दगड मात्र असेल तो पदरात घ्यावा लागतो.

बीड जिल्ह्यात, सिंदफणेला मिळणाऱ्या एका नदीवर तीन गाळ्यांचा पूल चालू होता. दुसऱ्या पिअरच्या खड्ड्यात काळा दगड लागला. ब्रेकरची छिन्नी त्यावर नुसती नाचायला लागली. मे संपत आलेला. ठेकेदार म्हणाला, "साहेब, खडक लागला, उद्या पीसीसी टाकू." म्हणजे पायाखालचं साधं काँक्रीट. पुलांच्या पायासाठीच्या आयआरसी ७८ या नियमावलीप्रमाणं त्याचं बरोबरच होतं: कठीण खडकात पाया ६० सेंटिमीटर गेला की पुरे. नकाशातही कठीण खडकच दाखवलेला. पण तपासणीचं बोअर घेतलेलं काठावर, अबटमेंटपाशी, म्हणजे पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीपाशी. पात्रातला खडक त्यावरून रेघ ओढून गृहीत धरलेला. आपल्याकडं हे सर्रास चालतं.

पंपापाशी बसलेले एक आजोबा म्हणाले, "सायेब, आमच्या हिरीला काळ्याखाली तांबडं लागलं व्हतं."

विहिरीत सुरुंगाची भोकं पाडणारा कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर गावातच होता. खड्ड्याच्या तळाला भोक मारायला लावलं आणि वर येणारी भुकटी बघत बसलो. राखाडी, राखाडी, पुन्हा राखाडी. दीड मीटरच्या पुढं ड्रिलची सळई सुळकन खाली गेली, आणि भुकटी आली गेरूसारखी लाल.

लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा पट्टा सापडतो. कोंडलेला असतो तोवर घट्ट. हवापाणी लागलं की भुगा होतो. पुरानं पात्र खरवडून तो उघडा पाडला, तर वरचा काळा दगड अधांतरी.

मी काम थांबवलं. तांबडं काढून खालच्या खडकावर पाया न्यायचं ठरलं, पण मंजुरी येईपर्यंत मृग बरसला आणि खड्डा भरला. पूल एका वर्षानं लांबला. त्याही पावसाळ्यात नदीला पाणी आलं की पलीकडच्या पोरांची शाळा बुडायची.

आमचे तेव्हाचे उपअभियंता आजही म्हणतात, "दीड मीटर बसाल्ट होता, काही झालं नसतं." नसतंही झालं. एवढ्या दगडानं भार पसरून घेतला असता, आणि तांबडं उघडं पडायला कदाचित माझी सगळी नोकरी सरली असती. आता ते काढून टाकल्यावर कोण काय सिद्ध करणार? सरपंच मात्र भेटले की वर्षाचा हिशोब मागतात.

हल्ली प्रत्येक पिअरखाली एक भोक मारून घेतो. त्याचा खर्च कुठल्या बाबीत दाखवायचा, यावर दर वेळी ऑफिसात भांडण होतं.