किलोच्या पाकिटात आठ ग्रॅम डाळ जास्त का जाते?

जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये उतारा (कच्च्या मालातून निघालेली डाळ) किती बसला, चुनी (डाळीचा चुरा) किती पडली, याचा हिशोब चोख असतो. पॅकिंगला मात्र 'वजन कमी जाऊ नये' एवढंच बघितलं जातं. जास्त गेलं तर तक्रार कोण करणार? पण किलोमागे ८ ग्रॅम जास्त आणि दिवसाला ६००० पाकिटं धरली, तर रोज ४८ किलो तूरडाळ फुकट जाते.

म्हणून लगेच पॅकिंग मशीनचं सेटिंग उतरवू नका. आधी तीन दिवस नोंदी घ्या. चार कपांचं फिलर (कपाने मापून पाकीट भरणारं मशीन) असेल तर दर अर्ध्या तासाला प्रत्येक कपाचं एकेक पाकीट काढायचं. आठ तासांत ६४ वजनं होतात. काटा १ ग्रॅम दाखवणारा हवा. ५ ग्रॅमच्या टप्प्याचा काटा इथे कुचकामी. रिकाम्या पाउचचं वजन वजा करा आणि रोल बदलला की ते पुन्हा घ्या. वेळ, लॉट, हॉपरमधली (कपांवरच्या टाकीतली) डाळीची पातळी लिहा. आणि कप क्रमांक! तो नसेल तर बाकीची मेहनत वाया.

एक्सेलच्या पिव्होट टेबलमध्ये कपवार सरासरी काढा. समजा १००९, १०१०, १०११ आणि चौथ्याची १००२ आली. एकूण सरासरी १००८. म्हणजे एका हलक्या कपाला सांभाळायला बाकीचे तीन कप जादा भरले जातायत. हँडव्हील, म्हणजे सेटिंगचं चाक, चारही कपांचं माप एकदम कमीजास्त करतं. ते उतरवलं असतं तर चौथ्या कपाची पाकिटं कमी भरली असती. बहुतेक वेळा त्या कपाच्या तळाशी पॉलिशच्या तेलात भिजलेल्या चुनीचा थर बसलेला असतो, नाहीतर कप चेपलेला असतो. साफ करा, पुन्हा मोजा, मगच सरासरी १००३ वर आणा. रोजची ३० किलो वाचते.

कायद्याने सरासरी छापील वजनापेक्षा कमी चालत नाही आणि किलोच्या पाकिटाला १५ ग्रॅमपर्यंत तूट सहन होते. कपवार प्रमाण विचलन (वजनं सरासरीपासून साधारण किती विखुरतात ते) ३ ग्रॅम असेल तर १००३ वर बहुतेक सगळी पाकिटं ९९४ च्या वर राहतात. विचलन ५-६ असेल तर उतरवू नका, आधी हॉपरची पातळी सारखी ठेवा.

एक पाकीट हलकं आलं की चाक फिरवायची सवय मोडायला हवी. त्याने वजनं आणखी विखुरतात. लॉट बदलला तर गोष्ट वेगळी. कप आकारमान मोजतो, वजन नाही, त्यामुळे दाण्याचा आकार बदलला की सेटिंग बदलावंच लागतं.

आणि नोंद काट्याशेजारी उभं राहूनच व्हावी. शिफ्ट सुटताना भरलेल्या कागदावर सगळीकडे १००५ दिसतं.