मन्रोची साखळी आणि आपला गुंठा

बेळगावचा किल्ला पेशव्यांच्या हातून गेला तो १० एप्रिल १८१८ रोजी, तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर. वेढा घालणारा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी थॉमस मन्रो. आपल्याकडे त्याचं नाव निघतं ते एवढ्यापुरतंच. पण त्याला समजून घ्यायचं तर किल्ल्याआधी त्यानं केलेली जमिनीची मोजणी बघायला हवी.

जन्म १७६१, ग्लासगो. १७८० मध्ये कंपनीच्या फौजेतला कॅडेट म्हणून मद्रासला उतरला आणि हैदरअलीविरुद्ध लढला. १७९२ पासून सात वर्षं बारामहालात (आजच्या तमिळनाडूत) कॅप्टन रीडच्या हाताखाली जमाबंदी, म्हणजे सारा ठरवण्याचं काम, शिकला. पुढे कानडा जिल्हा आणि १८०० ते १८०७ बळ्ळारी, अनंतपूर, कडप्पा हा निजामाकडून आलेला मुलूख. रयतवारीचा पाया याच सात वर्षांत पक्का झाला: मधे जमीनदार नाही, शेत ज्याच्या नावावर त्याच्याकडूनच सारा.

तिथली मोजणी १८०२ मध्ये सुरू झाली. साखळी ३३ फुटांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, आणि असे ४० चौकोन म्हणजे एक एकर. जुन्या उताऱ्यावर एकर-गुंठे-आणे (सोळा आण्यांचा एक गुंठा) वाचणाऱ्याला हा आकडा लगेच ओळखू येईल, आपला गुंठा तो हाच. (आपल्याकडची मोजणी पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं, विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली झाली, पण माप तेच.)

सगळा घोळ व्हायचा तो साखळीत. कड्या झिजून ती फक्त एक फूट लांबली, ३४ फुटांची झाली, तर ४० गुंठ्यांचं रान कागदावर साधारण ३७ गुंठे ११ आणे भरतं. उलट ती ३२ फुटांची असेल तर तेच रान साडेबेचाळीस गुंठे दिसतं आणि नसलेल्या अडीच गुंठ्यांचा सारा शेतकऱ्याच्या बोकांडी बसतो. म्हणून खालच्या मोजणीदारांचं काम वरचे मोजणीदार पुन्हा तपासत. मग पाटील, कुलकर्णी आणि रयत यांना सोबत घेऊन शेताची प्रत ठरे.

मोजणी इतकी चोख, तरी दर जबर होता. सारा एकूण पिकाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास बसवला होता. शंभर पोती जोंधळा झाला तर ४५ सरकारची. उरलेल्या ५५ मध्ये बियाणं, बैलांचा चारा, मजुरी आणि वर्षभराचं पोट. त्यात एखाद्याचा सारा थकला तर गावातल्या बाकीच्यांवर दहा टक्क्यांपर्यंत जादा भार. इतका सारा भरून जमीन विकत कोण घेणार? जमिनीला किंमतच येईना.

मन्रोनं हे स्वतः ओळखलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. १८०७ मध्ये त्यानं लिहून दिलं की सर्व जमिनींवर २५ टक्के सूट द्या आणि बागायतीवर ३३. शंभरातली ४५ पोती मग पावणेचौतीसवर येतात, म्हणजे पिकाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. वरिष्ठांनी ते ऐकलं नाही. तो विलायतेला गेल्यावर रयतवारीच मोडून गावंच्या गावं मक्त्यानं दिली गेली.

१८२० मध्ये तो मद्रासचा गव्हर्नर झाला, तेव्हा कुठे ती सूट अमलात आली. जुलै १८२७ मध्ये, आपण मोजलेल्या त्याच मुलखाच्या दौऱ्यावर असताना, पत्तिकोंड्याला पटकीनं तो गेला.