आज दिवसभर टॅब्लेटच्या मागे

सकाळी अकराला दुकानात गेलो, म्हणलं अर्ध्या तासात उरकू, बाहेर पडलो तर दोन वाजलेले आणि हात रिकामेच. 😅

एका बाजूला ॲपलचा २०२५ चा साधा आयपॅड, दुसऱ्या बाजूला सॅमसंगचा टॅब एस१० एफई. मला काय हवंय? पीडीएफवर पेनने खुणा करायच्यात, रात्री लोळत वाचायचंय, बास. कागदावर बघावं तर आयपॅडचा चिप जास्त दमदार, स्टोरेज १२८ जीबीपासून, पण मेमरी कार्ड टाकायची सोयच नाही. आणि ॲपलची पेन्सिल (म्हणजे स्क्रीनवर लिहायचं पेन) वेगळी घ्यायची, त्यातही यूएसबी-सीवाली घेतली तर दाब देऊन रेघ जाडबारीक होत नाही (हे मला काल रात्रीपर्यंत माहीतच नव्हतं). सॅमसंगच्या खोक्यात पेन आतच येतं, कार्डाची जागा पण आहे.

पण खरी मजा हातात धरल्यावर. आयपॅडच्या काचेवर पेन्सिल टेकवली की टोक आणि रेघ यात केसभर फट दिसते, कारण काच आणि स्क्रीन एकमेकांना चिकटवलेले नाहीत. एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं राव! शिवाय स्क्रीन ६० हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजं होतं), शेजारच्या सॅमसंगचा ९०, पान सरकवताना डोळ्याला फरक कळतो.

तरी ॲप्स मात्र आयपॅडवरच भारी, त्याला तोड नाही.

बायको म्हणाली, आधी जुना टॅब शोध, कुठल्या कपाटात पडलाय ते. तो सापडला, चार्जिंगला लावलाय, अजून चालू काय झालेला नाही.