आमची वाटचाल: लेटेक्सच्या थेंबापासून एलायझाच्या प्लेटपर्यंत

बरेच जण विचारतात की एवढ्याशा कंपनीत तुम्ही सिरॉलॉजीची, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडी बघून आजार ओळखायची, किट बनवता, मग इतकी वर्षं टिकलात कसे, आणि मी दरवेळी दोन वाक्यं बोलून विषय संपवतो. यावेळी सगळं लिहायचं ठरवलंय, कारण आमच्या किटमध्ये पॉझिटिव्ह निगेटिव्ह येतो अशी बाहेर जी गोष्ट फिरते ती आमच्या जुन्या भागीदाराने फिरवलेली आहे आणि ती अर्धीच आहे.

मी आणि तो एकाच लॅबमध्ये शेजारी शेजारी बेंचवर होतो. दिवसभर स्लाइडवर सिरम (रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी) आणि अँटिजेन (जंतूचा भाग) मिसळायचं, स्लाइड डोलवायची, गुठळ्या धरतात का बघायचं. फ्रेंच डॉक्टर विडालने १८९६ मध्ये टायफॉइडसाठी जे केलं तेच तत्त्व. तेव्हा आम्हाला मिळणारं लेटेक्स (प्लास्टिकच्या बारीक मण्यांचं द्रावण) प्रत्येक लॉटला वेगळं वागायचं, एखादं तर नुसत्या सलाइनमध्येच गुठळ्या धरायचं, आणि एका दुपारी असाच एक लॉट फेकून देताना तो म्हणाला, हे आपण यापेक्षा बरं बनवू. बनवलंही. एक खोली, एक वॉटर बाथ, एक सेंट्रिफ्यूज, दोन फ्रिज. पहिलं प्रॉडक्ट स्ट्रेप्टोकोकसच्या लान्सफिल्ड ग्रुपिंगचं (हे जंतू गटांत वाटायचं), ए, बी, सी, डी, एफ, जी अशा सहा बाटल्या. पॉलिस्टायरीनचे बारीक मणी, त्यांच्यावर अँटिबॉडी चढवायची, जास्त चढली तरी बोंब आणि कमी चढली तरी बोंब, मग धुवायचं, ब्लॉक करायचं आणि शेवटी ०.१ टक्का सोडियम अझाइड घालायचं म्हणजे बाटलीत जंतू वाढत नाहीत. हे अझाइड लक्षात ठेवा, पुढची सगळी कथा त्याचीच आहे.

तो विक्री बघायचा, मी बेंच. त्याच्या बोलण्यात जादू होती हे मी आजही मान्य करतो. पहिल्या वर्षी ज्या लॅबनी आमचं लेटेक्स घेतलं त्यांनी त्याच्यामुळेच घेतलं.

मग आम्ही एलायझात उतरलो, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत अँटिजेन चिकटवून एन्झाइमच्या रंगाने अँटिबॉडी ओळखायची चाचणी. एंग्वाल आणि पर्लमान यांनी १९७१ मध्ये हे तंत्र मांडलं, त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये व्हॅन वीमेन आणि शूर्स यांनीही एन्झाइम लावूनच इम्युनोअॅसे केला, म्हणजे आम्ही काही नवीन शोध लावत नव्हतो. पण ९६ वेलची (खळग्यांची) प्लेट स्वतः कोट करून रात्रभर ४ डिग्रीला ठेवायची आणि सकाळी पहिल्यांदा निळा रंग येताना बघायचा, ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. आमचं पहिलं किट लेप्टोस्पायराच्या (लेप्टोच्या जंतूच्या) आयजीएमचं, म्हणजे आजाराच्या सुरुवातीला चढणाऱ्या अँटिबॉडीचं. लेप्टोचा खरा कस लागतो मायक्रोस्कोपिक अॅग्लुटिनेशनमध्ये, पण त्यासाठी जिवंत लेप्टोस्पायरांचे अनेक स्ट्रेन कायम वाढवत ठेवायचे, डार्क फील्डखाली एकेक टायटर (सिरम किती पट पातळ करेपर्यंत गुठळ्या धरतात तो आकडा) बघायचं, हे किती लॅबना जमणार? एलायझा कुठल्याही बऱ्या लॅबला जमतो. लेप्टोस्पायरा बायफ्लेक्साच्या पॅटॉक स्ट्रेनचं अँटिजेन, कार्बोनेट बफर पीएच ९.६, हे आमचं कोटिंग. आयजीएम असल्यामुळे ऱ्हुमेटॉइड फॅक्टरचा (स्वतःच्याच आयजीजीला चिकटणाऱ्या अँटिबॉडीचा) त्रास येतो, खोटे पॉझिटिव्ह दिसतात, म्हणून सिरम डायल्युएंटमध्ये आम्ही अँटी-ह्यूमन आयजीजी घातलं. हे पहिल्या दिवसापासून घातलंय, कोणी सांगायच्या आधी.

आमच्याकडे एक आठ चॅनेलचं पिपेट होतं, जुनंच घेतलेलं. त्याचं पाचवं चॅनेल गळायचं. पाणी ओढून आठही टिप डोळ्यासमोर धरल्या की पाचवीतली पातळी सावकाश खाली सरकताना दिसायची आणि टोकाला एक थेंब येऊन लटकायचा. मी ओ-रिंग बदलली, ग्रीस लावलं, रोज सकाळी तराजूवर १०० मायक्रोलिटर पाणी टाकून १०० मिलिग्रॅमच्या आसपास भरतं का बघितलं, आणि त्या पिपेटवर आम्ही पहिली तीन वर्षं काढली. आज ज्यांच्याकडे नवीन पिपेट आहेत त्यांनीही ही सवय लावून घ्या, आठ टिप पाण्याने भरून उजेडाकडे धरायला अर्धा मिनिट लागतं.

या काळात आमच्या किटवर डोळे झाकून विश्वास ठेवणाऱ्या बऱ्याच लॅब होत्या, पण डोळे उघडे ठेवून विश्वास ठेवणाऱ्या एकच मॅडम. त्यांच्याकडे एक लांबट वही होती, तिच्यात प्रत्येक रनच्या पॉझिटिव्ह कंट्रोलची (किटमधल्या ठरलेल्या पॉझिटिव्ह नमुन्याची) ओडी, म्हणजे रंग किती गडद त्याचा रीडरवरचा आकडा, ग्राफवर टिंबाने मारलेली, सरासरीची रेघ निळी आणि दोन एसडीच्या (नेहमीच्या चढउताराच्या मापाच्या) रेघा लाल. किट कुठलंही असो, टिंब मारल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जायचा नाही. त्या मला एकेरी हाक मारायच्या, मी त्यांना मॅडमच म्हणायचो.

एका दुपारी त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "अरे, तुझा पॉझिटिव्ह कंट्रोल थकलाय. चार रन झाले, टिंब खालीच चाललंय." आमच्या कंट्रोलची ओडी ४५० नॅनोमीटरला १.८ च्या आसपास यायची, त्यांच्याकडे १.१ वर आलेली. किट इन्सर्टप्रमाणे (सोबतच्या माहितीपत्रकाप्रमाणे) ०.८ च्या वर असेल तर रन व्हॅलिड. म्हणजे नियमाने सगळं ठीक, बाकीच्या कोणी काही म्हटलंच नव्हतं. मी आमच्याकडे ठेवलेलं त्याच लॉटचं किट काढून लावलं तर १.८३. परत लावलं, १.७९. मी मॅडमना म्हणालो रीडर तपासून घ्या, आणि ते बोलल्याची लाज मला आजही वाटते.

आठवड्याभरात आणखी दोन लॅबचे फोन. एकीकडे ०.५, रन इनव्हॅलिड. मग झोप उडाली. टीएमबी सबस्ट्रेट (रंग देणारं रसायन) बदललं, कॉन्जुगेट (एन्झाइम जोडलेली अँटिबॉडी) नवीन टायट्रेट केलं, प्लेटचा लॉट बदलला, स्टॉपचं (निळा रंग थांबवून पिवळा करणारं) सल्फ्युरिक अॅसिड नवीन बनवलं, आणि आमच्या बेंचवर दरवेळी झकास पिवळा रंग. बारा दिवस गेले. शेवटी मॅडमनीच सांगितलं की माझं उघडलेलं किट जसंच्या तसं घेऊन जा, बाटल्यांसकट, आणि त्यात तुझा एकही थेंब वापरू नकोस. तसं केलं. ०.९. मग एकेक बाटली आमच्या बाटलीने बदलत गेलो आणि वॉश बफरला (प्लेट धुवायच्या द्रावणाला) आलो तेव्हा ओडी एकदम वर गेली.

झालं काय होतं, तर वॉश बफरच्या २० पट कॉन्सन्ट्रेटमध्ये त्या लॉटला अझाइड गेलं होतं. लेटेक्सची सवय. काहीही बाटलीत भरायचं तर शेवटी अझाइड, हे आमच्या हातात इतकं भिनलेलं की बफर बनवणाऱ्या मुलाने विचारलं नाही आणि मी सही करताना बॅच शीट वाचली नाही. आणि अझाइड म्हणजे हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेजचा शत्रू, कॉन्जुगेटमधलं ते एन्झाइमच बंद पाडतं. वेलमध्ये बफर उरला की सबस्ट्रेट घातल्यावर रंग मरतो. आमचा माणूस प्लेट टिश्यूवर दणकून आपटायचा, वेल कोरडी ठाक, ज्यांच्या वॉशरची सुई तळापर्यंत पोचत नव्हती त्यांच्याकडे जास्त उरायचं, म्हणून प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा. आणि सगळ्यात मोठी चूक ही की क्यूसीला (माल बाहेर जाण्याआधीच्या तपासणीला) आम्ही किटमधला वॉश बफर वापरतच नव्हतो, कॅनमधला रोजचा वापरायचो. म्हणून सांगतो, तुम्ही काहीही बनवत असाल तर क्यूसी पॅक केलेल्या डब्यातूनच करा, सीलबंद, जसं गिऱ्हाईकाच्या हातात जातं तसं.

मला कंट्रोलची काळजी नव्हती, कंट्रोल तगडाच असतो. काळजी होती काठावरच्या पेशंटची. ताप येऊन चारपाच दिवस झालेले, आयजीएम नुकतं चढायला लागलेलं, ते सिरम कट-ऑफच्या (पॉझिटिव्ह-निगेटिव्हच्या सीमेच्या) जरासं वर असणार आणि आमच्या अझाइडने खाली गेलेलं असणार. मी त्याच रात्री ठरवलं की पूर्ण लॉट परत मागवायचा आणि प्रत्येक लॅबला लेखी कळवायचं की साठवलेली सिरम नवीन लॉटवर परत लावा, किट आम्ही देतो.

भागीदार नको म्हणाला. बफर गुपचूप बदलून देऊ, पत्र कशाला. दोन दिवस भांडलो. पत्रं गेली, आणि महिन्याभरात तोही गेला, जाताना गिऱ्हाइकांची यादी घेऊन. त्याने रॅपिड कार्ड विकायला घेतली आणि प्रत्येक दारात माझंच पत्र दाखवलं, बघा, हे स्वतः कबूल करतात की यांच्या किटमध्ये पॉझिटिव्ह निगेटिव्ह येतो. माझ्या सहीचं पत्र! दहातल्या सात लॅब गेल्या. डेमोला तो तगडं पॉझिटिव्ह सिरम न्यायचा, कार्डावर लालभडक रेघ यायची, लोक खूश. रॅपिड कार्ड वाईट नसतात, सोन्याच्या कणांचं ते तंत्र मला आवडतं, जिथे रीडर नाही, वीज नाही तिथे तेच लागतं. पण काठावरचं सिरम लावून दाखवा ना. फिकट रेघ एकाला दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, आणि वेळ उलटून गेल्यावर वाचलं तर नसलेलीही दिसते. मी हे लोकांना सांगायला गेलो की ते म्हणायचे, तुम्ही जळता. माझी बाजू आजपर्यंत कोणी विचारली नाही, म्हणून इथे लिहितोय.

त्या वर्षी एक फ्रिज विकला. मॅडमनी मात्र परत पाठवलेल्या लॉटच्या बदल्यात दुप्पट ऑर्डर दिली आणि ओळखीच्या चार लॅबना वहीचं ते पान दाखवलं, टिंबं खाली जाताना आणि नवीन लॉटला परत निळ्या रेघेवर बसताना. त्या चार लॅबवर आम्ही उभे राहिलो. पुढची वर्षं नीट गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, ब्रुसेला आणि टॉक्सोप्लाझ्माची किट आली, माणसं दोनाची अकरा झाली.

राहवत नाही म्हणून अजून थोडं सांगतो. लेटेक्स फ्रीजरमध्ये कधीही ठेवू नका, एकदा गोठलं की गेलंच. स्लाइड पॅकवर लिहिलेल्या वेळेतच वाचा, कडा सुकल्या की सगळंच गुठळ्यांसारखं दिसतं. किट फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर राहू द्या. एका लॉटचं कॉन्जुगेट दुसऱ्या लॉटच्या प्लेटवर घालू नका. आणि एका सिरमवर निदान ठोकू नका, दहा ते चौदा दिवसांनी दुसरं घ्या, टायटर चौपट चढलं तर बोला.

आता आमच्या वॉश बफरमध्ये प्रोक्लिन (जंतू रोखणारं, पण एन्झाइमला न मारणारं) असतं आणि इन्सर्टवर जाड अक्षरात छापलंय की अझाइड असलेलं कुठलंही द्रावण या किटला लावू नये. गेल्या महिन्यात एका नवीन लॅबचा फोन आला, तुमचा कंट्रोल ०.४ येतोय, किट खराब आहे. मी पहिला प्रश्न विचारला, वॉश बफर कोणता? घरीच बनवलेला. त्यात टिकण्यासाठी काय घातलंय? तिकडून बाटली फिरवून वाचल्याचा आवाज आला आणि मग बराच वेळ कोणी बोललं नाही. पाच मिनिटांत निस्तरलं, दुसऱ्या दिवशी त्यांची ओडी १.८५. पुढची ऑर्डर त्यांनी रॅपिड कार्डवाल्याला दिली. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तुझ्या नवीन लॉटचं पहिलं किट अजून आलं नाही माझ्याकडे." ते उद्या निघतंय.