तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टात न जाणारी वकील

"वकील आहेस ना, मग कोर्टात कधीच कशी दिसत नाहीस?" लग्नात विचारतात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचारतात, ठाणे स्टेशनवर वाशी लोकलची वाट बघताना जुनी बॅचमेट भेटली तर तीही विचारते. त्यापाठोपाठ ठरलेलं वाक्य येतं, "बरंय बाई, एसीत बसून अ‍ॅग्रीमेंटं तपासायची." आता एकदा नीट सांगते.

कोर्टात जात नाही, कारण जाता येत नाही. बार कौन्सिलच्या नियम 49 प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. महाप्याच्या कंपनीत लागले तेव्हा सनद स्थगित केली. कोर्ट नाक्यावर सीनियरच्या मागे तारखा घेत फिरून कंटाळले होते, शिवाय घराचा हप्ता सुरू झाला होता. पगार हवा होता, हे लपवत नाही. पण तेवढंच नव्हतं. कोर्टात माणूस भांडण पेटल्यावर येतो, कंपनीत बसून ते आधीच थांबवता येईल, असं तेव्हा मनापासून वाटायचं. आजही वाटतं. अडवावं मात्र त्याच माणसांना लागतं, ज्यांच्या हातात माझं अप्रेझल आहे. हे तेव्हाच्या मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं असतं असं नाही.

रबाळ्याच्या एका छोट्या वर्कशॉपकडून आम्ही मशीनचे सुटे भाग घ्यायचो. त्यांची बिलं महिनोन्‌महिने थकली. मालक स्वतः येऊन रिसेप्शनला बसायचे, मांडीवर बिलांची फाइल. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी खरेदी विभागाच्या प्रमुखांनी मला बोलावलं. "मॅडम, यांच्या क्वालिटीबद्दल एक ऑब्जेक्शन लेटर बनवा. तारीख मार्चची टाका."

मी स्टोअरमधून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याच्या नोंदी, मागवले. प्रत्येकावर इन्स्पेक्शनचा शिक्का, खाली निळ्या शाईत 'ओके', सही आणि तारीख. 2006 चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, कायदा इथे स्पष्ट आहे. माल पोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर तो स्वीकारला असंच धरतात. करारात काहीही लिहिलेलं असो, पैसे 45 दिवसांच्या पुढे लांबवता येत नाहीत. लांबवले, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. अशा थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेचा निवाडा विरोधात गेला, तर त्याला आव्हान देण्याआधी 75 टक्के रक्कम भरावी लागते. म्हणजे सगळा बचाव मार्चच्या त्या एका तारखेवर उभा राहणार होता, आणि तारीख खोटी होती.

"सर, हे पत्र मी करणार नाही."

ते चिडले नाहीत. "तुम्ही आमच्या वकील आहात की त्यांच्या?" एवढंच म्हणाले.

कंपनीची आहे, आणि कंपनी म्हणजे तुम्ही नाही, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही. जागेवर येऊन मेल लिहिला: हरकतीची मुदत संपली आहे, मागची तारीख टाकणं बेकायदेशीर आहे, बिलं व्याजासकट द्यावीत. जीआरएन जोडले आणि पाठवला. लगेच फोन आला, "मेलवर कशाला? असलं काही असेल तर फोनवर बोलत जा."

पत्र निघालं नाही. बिलं हप्त्याहप्त्यानं दिली गेली, बिनव्याजी. ऑर्डर जाईल या भीतीनं मालकांनी व्याज मागितलं नाही. पुढे ती तशीही गेली. मला खरेदीच्या मीटिंगांचं बोलावणं येईनासं झालं. करार थेट सही होण्याच्या दिवशी येऊ लागले, "फक्त एकदा नजर टाका" म्हणून. बाहेरच्या वकिलाला नको असलेली केस सोडता येते, दुसरा पक्षकार येतो. मला पक्षकार एकच, आणि तो रोज सकाळी लिफ्टमध्ये भेटतो.

त्या फोनचा अर्थ पुढे जास्तच उलगडला. 31 ऑक्टोबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की वकील आणि पक्षकार यांच्यातल्या गोपनीयतेचं भारतीय साक्ष्य अधिनियमातल्या कलम 132 चं संरक्षण कंपनीच्या पगारी वकिलाला नाही. कलम 134 खाली मिळेल तेवढं मर्यादित. कारण असं, की पगारी वकील मालकाच्या धंद्याच्या हितापासून स्वतंत्र नसतो. वाचून संताप आला. तो मेल लिहिणारी मी स्वतंत्र नव्हते, तर कोण होतं? पण मग तोंडावरचं उत्तर का गिळलं, हेही आठवतं. न्यायालयाशी माझा वाद अजून मिटलेला नाही, स्वतःशीही नाही. लिहिलेलं उद्या बाहेर येऊ शकतं म्हणून लिहूच नका, असं आता सगळेच म्हणतात. मला तर वाटतं, अशा वेळी लिहायलाच हवं. ते कंपनीला जड जाईल का? कदाचित जाईल.

माझ्या सांगण्यानं झालं नाही ते थोडंफार आयकरानं केलं. 1 एप्रिल 2024 पासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांची बिलं मुदतीत दिली नाहीत, तर तो खर्च पैसे देईपर्यंत वजावटीला चालत नाही. तेव्हापासून फायनान्सवाले माझ्याकडे आपणहून येतात. आमच्या वेंडर पोर्टलवर प्रत्येक जीआरएनसमोर पैसे देण्याची शेवटची तारीख दिसते, ती मी मागे लागून टाकून घेतली आहे. ती वेंडरना दिसू नये, असा प्रस्ताव सध्या माझ्या टेबलावर आहे. मी 'नाही' लिहून पाठवलंय, मेलवरच.